दाजींचा डावा पाय

ता. ११, मंगळवार
वरचा तळ, सामानाची खोली

ताई,

बूट लहान नव्हते. हे मी आता तिसऱ्यांदा लिहितोय. दाजींच्या पायाचं माप तूच वर्तमानपत्रावर त्यांचा पाय ठेवून पेन्सिलीनं काढून पाठवलं होतंस. त्यावर मी अंगठाभर जागा जास्त धरली आणि दुकानदाराशी भांडून अर्धा नंबर मोठा घेतला. नमस्कार, मी खुशाल आहे, घरी सगळ्यांना नमस्कार सांग. हे आधी लिहायचं असतं ते मला माहीत आहे, चौथीपर्यंत तेवढं शिकवलं होतं. पण तुझं पत्र वाचल्यापासून हातात पेन धरवत नाही इतकं डोकं तापलंय, म्हणून ते मधेच लिहिलं.

तुझ्या पत्रातलं एकेक वाक्य मला पाठ झालंय. 'तुझ्या बुटांनी माझ्या माणसाची दोन बोटं खाल्ली.' 'तुझे पैसे आम्हाला शिवायचेसुद्धा नाहीत.' आणि मागच्या महिन्याचे पैसे जसेच्या तसे परत. खिडकीतला पोस्टाचा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू मी ते कुठून तरी मारून आणलेत. 'घरचे घेत नाहीत?' म्हणाला. मी म्हणालो, 'घरी पैसे ठेवायला जागा नाही.' त्याला खरं वाटलं असेल तर बरं.

आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर अगदी खाली, कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं: 'डॉक्टर म्हणतात उजव्याचं झालं ते झालं, डावा जपा. ते पुन्हा शिलाई मशीनवर बसायला लागलेत. दिवसभर एकट्या डाव्या पायानं मशीन मारतात. मी रोज विचारते, ते म्हणतात ठीक आहे.'

त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहितोय. बाकीचं भांडण आपण म्हातारे होईपर्यंत करू, मला घाई नाही. पण रोज विचारते म्हणजे काय? कुणाला विचारतेस? ज्या माणसाच्या पायात खिळा शिरला तरी त्याला कळणार नाही, त्याला विचारतेस पाय कसा आहे म्हणून? झोपलेल्या माणसाला हलवून 'झोपलास का' विचारण्यातलं आहे हे.

तू शेजारी सांगत असतेस ना, की आमचा भिंगरी तीन कामं सोडून पळाला आणि आता डोंगरात लोकांचे पाय पुसतो. पुसतो. सहा-सहा दिवस डोंगर चालायला लोक पैसे भरून येतात. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. त्यांचं ओझं आम्ही वाहतो, आणि माझ्याकडे ओझ्याबरोबर त्यांचे पायही. तुला वाटतं डोंगरात माणूस कड्यावरून पडून हरतो. तसा कुणीच हरत नाही. हरतो फोडानं. मांडीला मांडी घासून. पाठपिशवीचा पट्टा खांद्याला काचून. दोन हातांत दोन काठ्या, डोळ्यांवर काळा चष्मा, पहिल्या दिवशी मला म्हणतात, 'तू जरा मागे पडतोस बघ.' तिसऱ्या दिवशी तेच साहेब पाय फाकून बदकासारखे येतात आणि कुजबुजत विचारतात, 'मलम आहे का रे?'

असतं. पण मलम नंतरचं. आधी काय करायचं ते मी त्यांना निघायच्या दिवशीच सांगतो आणि ऐकतात की नाही ते बघतो. आत पातळ मोजा, बाहेर जाड, म्हणजे घासाघासी व्हायची ती मोज्यामोज्यांत होते, कातडी सुटते. नखं सरळ कापायची, कोपरे खोल घ्यायचे नाहीत. जांघेत आणि काखेत आधीच व्हॅसलीन. उतार लागला की नाडी आवळायची, नाहीतर बोटं पुढे जाऊन आपटतात. घाम वाळला की मीठ राहतं आणि ते मीठ पॉलिश पेपरसारखं सोलत बसतं, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी ओलं फडकं, मग चहा. आणि टाच गरम लागली की तिथल्या तिथे थांबायचं. पुढच्या वळणावर नाही, झाडाखाली नाही, तिथेच. गरम जागेवर चिकटपट्टी लावली की फोड येत नाही. आल्यावर लावली तर नुसती शोभा.

हे मला कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. चार वर्षांत माझ्याच टाचा सोलून शिकलोय. तेव्हा मला बुटांबद्दल अक्कल शिकवू नकोस.

आता दाजींचं. दुकान चालत नाही, सगळे तयार कपडे घेतात, दिवसाकाठी एखादी चेन बदलायची नाहीतर पँट आखूड करायची, एक हंगाम तुझ्याकडे घे म्हणून तूच लिहिलंस. मी मुकादमाच्या हातापाया पडून जागा काढली. दाजी आले. आल्या आल्या त्यांनी काय केलं माहीत आहे? दोरीवर वाळत घातलेल्या हमालांच्या पँटी उलट्या करून बघायला लागले. 'ही काय शिलाई आहे?' म्हणाले. 'हा दोरखंड आहे. हा मांडीत घेऊन तुम्ही डोंगर चढता?' ब्लेडनं टराटरा उसवलं आणि दोन दिवस बसून सगळ्यांच्या आतल्या शिलाया हातानं चपट्या करून दिल्या. खांद्यावरची शिलाई पट्ट्याखाली येते ती चार बोटं मागे सरकवली. आमच्या टोळीतले दांडगे दांडगे लोक त्यांच्यापुढे टॉवेल गुंडाळून रांगेत बसले होते. मुकादम मला म्हणाला, 'या माणसाला ओझं कशाला देतोस, मशीन दे.' पण तळावर मशीन नव्हतं, ओझंच होतं.

हे तुला लिहिलं नव्हतं. माणूस किती मानाचा झाला होता इथे ते तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिलं. तू लिहितेस तसं मी त्यांना 'गाढवासारखं राबवलं' नाही.

आणि साखर. ताई, तीन वर्षं त्यांना साखर आहे आणि मला ते कधी कळलं? दवाखान्यात. डॉक्टरनं विचारलं, 'यांना किती वर्षांपासून आहे?' मी म्हणालो, 'यांना काही नाही हो, हे टेलर आहेत.' डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग त्यानं समजावलं, की साखरेनं पायाची जाणीव मरते, काही टोचलं, सोललं, भाजलं तरी वर कळवायला कुणी शिल्लकच राहत नाही. तू पत्रात लिहिलं होतंस, 'तब्येत ठणठणीत.' अक्षरसुद्धा छान काढलं होतंस. खरं लिहिलं असतंस तर मी त्यांना घेतलं नसतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून लिहिलं नाहीस.

आणि बूट. मी दोन महिने आधी पाठवले. का? सोबत चिठ्ठी होती. रोज घालून घरात फिरायचं, जिने चढायचे, उतरायचे, तीन आठवड्यांत बूट पायाचा होतो. तुम्ही काय केलंत? बूट खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी कपाटावर. नवी वस्तू, घरात कशाला खराब करायची, जायच्या दिवशी काढू. दाजी मला कौतुकानं सांगत होते, 'तुझ्या ताईनं धुळीचा कण लागू दिला नाही बघ.' मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, 'का रे, चांगले दिसत नाहीत?'

आता एक ऐक, जे मी तुला सांगितलं नव्हतं. उजव्या बुटाच्या टोकाला दुकानातला कागद तसाच होता. बूट चेपू नये म्हणून आत बोळा कोंबतात, तो. डाव्यातला निघाला होता, उजव्यातला आत जाऊन बसला होता. दाजी म्हणाले होते, उजवा जरा घट्ट आहे, नवा आहे, होईल सैल. त्या बोळ्यावर पाच दिवस माणूस पाठीवर ओझं घेऊन चालला आणि त्याला कळलं नाही. घरात एकदा, एकच दिवस घातले असते, तू एकदा हात घालून बघितलं असतंस, तर तो कागद केराच्या डब्यात गेला असता.

तर आता सांग, बोटं कुणी खाल्ली.

मुकादम हाका मारतोय. नवे पाहुणे आलेत.

ता. १२, बुधवार

काल वरचं लिहून गेलो ते आत्ता आलो. पुन्हा वाचलं. खोटं त्यात काही नाही. कागद होता, साखर लपवलीस, कपाट खरं. सगळं खरं आहे आणि तरी ते वाचून मलाच माझी चीड आली, कारण एक गोष्ट मी चार पानं टाळत आलोय.

काल जे आले त्यांच्यात एक बँकेतला मोठा साहेब आहे. पोटाचा घेर असा, की स्वतःचे पाय त्यानं कित्येक वर्षांत पाहिले नसावेत. सराव म्हणून आम्ही त्यांना समोरच्या टेकडीवर नेऊन आणलं आणि परत आल्यावर मी खाली बसून म्हणालो, मोजे काढा. तो म्हणाला, 'माझे पाय एकदम ठीक आहेत. मला सवय आहे चालायची.'

मी म्हणालो, 'मी विचारलेलं नाही. मोजा काढा.'

काढला. टाचेवर बटणाएवढी लाल जागा. पट्टी लावली. साहेब हसून म्हणाला, 'फार कडक आहेस रे.' बाकीचे हसले. मला हसता येईना. मी बादली घेऊन मागे निघून गेलो.

ताई, आमच्या टोळीत एक रीत आहे. मुक्कामाला जेवणाआधी हमालांनी जोडीजोडीनं एकमेकांचे पाय बघायचे. डोळ्यांनी नाही, हातांनी. बोटांच्या बेचक्यांत, टाचेखाली, घोट्यामागे. मग मुकादमापुढे जाऊन जोडीदारासाठी म्हणायचं, 'पाहिले.' मग ताट मिळतं. स्वतःच्या पायांसाठी म्हटलेलं चालत नाही, कारण स्वतःच्या पायांबद्दल माणूस खोटं बोलतो हे मुकादमाला माहीत आहे.

दाजींचा जोडीदार मी होतो.

पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो, 'दाजी, मोजे काढता का?' कसं विचारलं बघ. काढता का. दाजी म्हणाले, 'राहू दे रे. तुझ्या हातात पाय देऊन बसलो हे कळलं तर तुझी ताई मला घरात घेईल का? ठीक आहेत पाय.' त्यांनी माझ्या अंगावरची पहिली फुल पँट शिवली. त्यांच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही. त्या माणसाला मी 'काढा' म्हणू? पाहुण्याला म्हणतो, बँकेच्या साहेबाला म्हणतो. घरच्या मोठ्या माणसाला माझ्या तोंडून निघेना. वर मनात असंही होतं, की सगळ्यांसमोर दाजींना मोजे काढायला लावले तर त्यांचा कमीपणा होईल. मी मुकादमाकडे गेलो आणि म्हणालो, 'पाहिले.'

दाजींनी माझे मात्र पाहिले. चारही संध्याकाळी. चष्मा लावून, कापडाचा काठ तपासावा तसे. एकदा माझ्या करंगळीखाली साल निघाली होती, ती त्यांनाच दिसली.

चारही संध्याकाळी मी 'पाहिले' म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांच्या उजव्या मोज्याच्या टोकाला ओलं, काळपट दिसलं. मला वाटलं, ओढ्यातून आलो त्याचं पाणी असेल. नाही, आता खोटं कशाला. मला तसं वाटलं नव्हतं. मी तसं वाटून घेतलं. भूक लागली होती आणि विचारायची लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी खिंड ओलांडली. मुकादमानं सगळ्यांना गोळा केलं आणि मला पुढे बोलावलं. सोळा पाहुणे, एकाच्याही पायाला फोड नाही, असं आजवर झालं नव्हतं म्हणाला, आणि पाहुण्यांनी गोळा केलेलं बक्षिसाचं पाकीट माझ्या हातात दिलं. सगळ्यात जोरात टाळ्या दाजींनी वाजवल्या. बाजूच्याला सांगत होते, 'माझा मेहुणा आहे.'

पाचव्या दिवशी ओढ्यावर पाय धुवायला म्हणून त्यांनी बूट काढला. मोजा निघेना. मी ओढायला लागलो तर म्हणाले, 'ओढ की, दुखत नाही.' आणि खरंच दुखत नव्हतं. मोज्याबरोबर काय आलं ते मी लिहीत नाही. तो कागदाचा बोळा दाजींनी बुटातून काढला, उलगडला आणि म्हणाले, 'अरे, हा इथे होता.' आम्ही दोघंही त्या कागदाकडे बघत बसलो. दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

डॉक्टरला दाजी काय म्हणाले, ठाऊक आहे? 'पोरानं रोज पाहिले. मीच पाय चोरत होतो.' तुलाही तेच सांगितलं असणार. म्हणून तू बुटांवर तुटून पडलीस आणि मला नुसता बूट घेणारा म्हणून शिव्या दिल्यास. मी रोज पाहिले होते असं तू धरून चाललीस. आणि मी तीन पत्रं बुटांवरच भांडलो, कारण बुटांच्या बाबतीत माझी बाजू खरी आहे. मला तेवढीच एक जागा होती उभं राहायला.

मुकादमाला मी खाली उतरल्यावर सांगितलं. त्यानं कामावरून काढलं नाही. म्हणाला, 'पाहुण्यांचे पाय तू बघ, ते तुझ्याइतकं कुणाला येत नाही. पण टोळीत कुणासाठी तुझं 'पाहिले' मी धरणार नाही.' आता रोज जेवणाआधी तो स्वतः येऊन माझे पाय बघतो आणि मला जोडी नाही. सगळे बघतात. या कामावरूनही पळून जावं असं मला रोज वाटतं, पण तू म्हणशील, गेला भिंगरी. म्हणून राहिलोय.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. साखर लपवायला नको होतीस. पण डाव्या पायाशी आपल्या भांडणाचा काही संबंध नाही आणि त्याला वेळ नाही.

म्हणून हे नीट वाच. विचारू नकोस. बघ. रोज संध्याकाळी, दिवा मोठा करून, स्वतःच्या हातांनी. ते म्हणतील बायकोच्या हातात पाय काय द्यायचा, म्हणतील ठीक आहे, म्हणतील उद्या बघ, थट्टा करतील, चिडतील. तू म्हणायचं, मी विचारलेलं नाही. तळपाय दिसत नाही म्हणून खाली आरसा धर. बेचक्यांत बोट घाल. कुठे लाल, कुठे गरम, कुठे ओलं लागलं तर त्याच दिवशी दवाखाना. फोड असेल तर फोडायचा नाही. पाय धुवायचं पाणी आधी तू कोपर घालून बघ, त्यांच्या पायाला ऊन-गार कळत नाही. धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायच्या आणि तिथे तेल-मलम काही लावायचं नाही. घरातसुद्धा अनवाणी चालू द्यायचं नाही. चप्पल असो, बूट असो, पाय घालायच्या आधी आत तुझा हात गेला पाहिजे. त्यांचा नाही, तुझा. नखं तू काप.

आणि मशीन. दिवसभर एकटा डावा पाय, तोही मला माहीत आहे, अनवाणी, त्या पायडलच्या लोखंडी जाळीवर. कामाला लागला की ते चप्पल काढून ठेवतात, पायाला मशीन कळलं पाहिजे म्हणतात. आता कुठलं कळणार? जाळी तळव्याला घासत राहील आणि त्यांना कामाच्या नादात पत्ता लागणार नाही. मशीनला मोटर बसवून घे. मोटर आली की पाय हाणत बसावं लागत नाही, चपलेतला पाय बटणावर नुसता टेकवायचा. मी इथे चौकशी केली, बसवणावळीसकट होऊन जाईल. तोवर मशीनचा पट्टा काढून तुझ्याजवळ ठेव. ओरडले तर माझं नाव सांग.

त्यासाठी पैसे पाठवतोय. हे पगारातले नाहीत, म्हणजे मागच्यासारखे तोंडावर फेकायला तुला जड जातील. हे ते बक्षीस आहे. पाकीट मी तेव्हापासून उघडलं नव्हतं, आज फक्त किती आहेत ते बघायला उघडलं. कुणाच्या पायांचं आहे ते तुला आता माहीत आहे. मी पाहिले नव्हते हे तुला लिहिलंय, ते दाजींना सांगायचं की नाही ते तू ठरव. त्यांना माहीत आहेच, तुला माहीत आहे हे फक्त त्यांना माहीत नाही.

उत्तर लिहिलंस तर त्यात दाजी काय म्हणाले ते लिहू नकोस. तुला काय दिसलं ते लिही.

तुझा भाऊ,
ज्यानं पाहिले नव्हते

सोबत सात हजार पाचशे.